नळीच्या टोकाला दिवा लावणारा डॉक्टर: शेव्हेलियर जॅक्सन आणि माझी एंडोस्कोपी



या साईटवर मी आजवर फोनच्या कॅमेऱ्याबद्दल बरंच लिहिलंय. मेगापिक्सेल, सेन्सर, नाईट मोड वगैरे. आज ज्या कॅमेऱ्याबद्दल लिहितेय, तो येत्या गुरुवारी माझ्या तोंडातून आत जाणार आहे. एंडोस्कोपी. आमच्या नंदुरबारकडे मोठी माणसं याला सरळ 'दुर्बीण टाकणं' म्हणतात.

माझी ही पहिली वेळ नाही. मी चार वर्षांची असताना आमची मोरी तुंबली होती. ती मोकळी करायला कॉस्टिक सोडा पाण्यात कालवून पाण्याच्याच बाटलीत ठेवला होता. मला तहान लागली आणि मी एक घोट घेतला. एकच. आतली जखम भरली, पण भरताना अन्ननलिका आकसली. तेव्हापासून दर काही महिन्यांनी दुर्बिणीतून ती जागा रुंद करून घ्यावी लागते. भाकरी मी वरणाच्या पाण्यात भिजवून, कुस्करून खाते. ज्या गावात हिवाळ्यात मिरचीच्या पथाऱ्यांनी शेतं लाल होतात, तिथं राहून ठेचा मला फक्त वासानेच माहीत आहे.

गेल्या खेपेला मी एक चूक केली (ती पुढे सांगते). त्यानंतर वाटलं, हे यंत्र आलं कुठून ते तरी बघू. शोधताना एक माणूस सापडला: डॉ. शेव्हेलियर जॅक्सन. आपल्या पिढीला हे नाव फारसं माहीत नसेल, पण त्यांच्या काळात अमेरिकेत ते खूप गाजलेले डॉक्टर होते. आणि त्यांच्याकडे येणाऱ्या मुलांत माझ्यासारखीच मुलं भरपूर होती.

आधी एवढं समजून घ्या: अन्ननलिका आकसते म्हणजे काय होतं?

अन्ननलिका म्हणजे घशापासून पोटापर्यंतची साधारण २५ सेंटीमीटर लांबीची मऊ, ताणली जाणारी नळी. कॉस्टिक सोडा चरबी आणि प्रथिनं अक्षरशः विरघळवतो, म्हणून तर तो तुंबलेली मोरी मोकळी करतो. घशातही तो तेच करतो. जखम भरते तेव्हा तिथं कडक, न ताणणारा व्रण तयार होतो आणि काही आठवड्यांत नळी अरुंद व्हायला लागते. आतली वाट साधारण १३ मिलीमीटरपेक्षा कमी झाली की घट्ट अन्न अडकू लागतं. आणखी कमी झाली की पातळ पदार्थ. शेवटी पाणीही.

त्याच वर्षी, त्याच शहरात

जॅक्सन यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८६५ चा, अमेरिकेतल्या पिट्सबर्गचा. आपल्या आनंदीबाई जोशी त्याच वर्षी ३१ मार्चला जन्मल्या. पुढचा योगायोग बघा. १८८६ साली आनंदीबाई फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि त्याच वर्षी, त्याच शहरात, जेफरसन मेडिकल कॉलेजातून जॅक्सन डॉक्टर झाले. आनंदीबाई पुढच्याच वर्षी, १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. जॅक्सन यांनाही पुढे क्षयाने गाठलं, पण ते ९२ वर्षं जगले.

त्यांचं लहानपण सोपं नव्हतं. अंगाने बारीक, स्वभावाने शांत. शाळेतली दांडगट पोरं त्यांना छळायची. एकदा त्यांच्या डोळ्यांवर पट्टी बांधून पोरांनी त्यांना बंद पडलेल्या कोळशाच्या खाणीत टाकलं. ते बेशुद्ध पडले होते. एका खाणकामगाराच्या कुत्र्यामुळे ते सापडले.

मला ही गोष्ट वाचून जरा वेळ पुढे वाचवलं नाही. अंधाऱ्या, अरुंद जागेत अडकलेला हा मुलगा आयुष्यभर अंधाऱ्या, अरुंद जागांत अडकलेल्या वस्तू बाहेर काढत राहिला.

घरात पैसा कमी होता. लाकूडकाम आणि चित्रकला लहानपणापासून हातात होती. शिकायला पैसे हवेत म्हणून काचेच्या आणि चिनी मातीच्या भांड्यांवर चित्रं रंगवण्याचं काम त्यांनी केलं. ही कामं वाया गेली नाहीत. पुढे स्वतःची अवजारं ते स्वतः बनवू शकले आणि शिकवताना फळ्यावर दोन्ही हातांनी चित्रं काढायचे.

पहिली नळी आणि पहिला धडा

डॉक्टर झाल्यावर ते लंडनला गेले, त्या काळचे घशाचे प्रसिद्ध डॉक्टर मोरेल मॅकेन्झी यांच्याकडे. तिथं त्यांनी अन्ननलिकेत बघायचं एक यंत्र पाहिलं. ते फारसं उपयोगाचं नव्हतं, पण कल्पना डोक्यात बसली.

अशा प्रयत्नांची सुरुवात त्याआधीच झाली होती. जर्मनीत अडॉल्फ कुसमाऊल यांनी १८६८ साली जत्रेत तलवार गिळून दाखवणाऱ्या माणसाच्या घशातून सरळ नळी पोटात उतरवली होती. नळी गेली, पण आत दिसेल एवढा उजेडच नव्हता.

१८९० साली जॅक्सन यांनी आपली अन्ननलिकेची दुर्बीण बनवली. तिच्यातून त्यांनी एका मोठ्या माणसाच्या घशात अडकलेली दातांची कवळी काढली आणि एका लहान मुलाने गिळलेलं नाणं काढलं.

इथं एखाद्या स्टार्टअपवाल्याने लगेच लाँच केलं असतं. खरं तर झालंही तसंच. जॅक्सन यांनी उत्साहाने इतर डॉक्टरांना यंत्र दाखवलं. पण ज्यांनी ते नीट न शिकता वापरलं, त्यांच्या हातून रुग्णांना इजा झाली. अन्ननलिकेची भिंत पातळ असते आणि त्यांची नळी धातूची, ताठ होती. जॅक्सन यांना याचा फार पश्चात्ताप झाला. सुरक्षित पद्धत तयार होण्याआधी यंत्र लोकांसमोर आणणं ही आपली चूक होती, असं त्यांनी मानलं.

यानंतर त्यांचं सगळं काम बदललं. यंत्राएवढंच, किंबहुना त्याहून जास्त लक्ष त्यांनी तयारीवर दिलं. एखाद्या मुलाने सेफ्टी पिन गिळली असेल, तर तशीच पिन आणायची, नळीत तशीच अडकवायची आणि ती कोणत्या कोनातून, कोणत्या चिमट्याने निघते हे आधी टेबलावर करून बघायचं. मग मुलाला हात लावायचा. उघडलेली पिन तशीच ओढली तर टोक भिंतीत घुसतं, त्यामुळे आधी ती आतच बंद करायची किंवा फिरवायची. हे सगळं बहुतेक वेळा भूल न देता चाले, त्यामुळे हात चुकायला वाव नव्हता.

डॉक्टरांसाठी त्यांनी शिकवण्याचे वर्ग घेतले. १९०७ साली या विषयावरचं पाठ्यपुस्तक लिहिलं. १९११ साली क्षयाने त्यांना अंथरुणाला खिळवलं, तरी त्यांचं लिहिणं थांबलं नाही.

टेक्नॉलॉजीची खरी गंमत: दिवा कुठे लावायचा?

आता आपल्या आवडीचा भाग.

बोअरवेलच्या पाईपात काहीतरी पडलंय असं समजा. तुम्ही वरून मोबाईलचा टॉर्च मारता. काय होतं? उजेड पाईपाच्या भिंतींवरच अडतो, डोळे दिपतात आणि तळाशी अंधारच राहतो. आता एक छोटा दिवा दोरीने खाली सोडा. तळ स्वच्छ दिसतो.

जॅक्सन यांच्या काळात हाच प्रश्न होता. जर्मनीतले गुस्ताव किलियन यांनी १८९७ साली एका शेतकऱ्याच्या श्वासनलिकेतून हाडाचा तुकडा काढला होता, पण त्यांचा उजेड बाहेरून आत जायचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॅक्सन यांनी छोटा विजेचा बल्ब नळीच्या आतल्या टोकाला नेला. सरळ नळी, तिच्या कडेने जाणारी एक बारीक दांडी आणि दांडीच्या टोकाला दिवा. आज साधी वाटणारी ही रचना पुढे कित्येक वर्षं जगभर वापरली गेली.

त्यानंतर काय बदललं ते थोडक्यात:

- वाकणारी नळी: १९५४ साली लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि पंजाबात जन्मलेले नरिंदर सिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडग्यातून चित्र पाठवून दाखवलं. १९५७ साली अमेरिकेत बॅझिल हर्शोविट्झ यांनी अशा तंतूंची वाकणारी दुर्बीण बनवली आणि ती आधी स्वतःच गिळून बघितली.
- टोकाला कॅमेरा: १९८३ साली वेल्च ॲलिन कंपनीने दुर्बिणीच्या टोकाला थेट इमेज सेन्सर बसवला. आता डॉक्टरांना नळीला डोळा लावायची गरज उरली नाही, चित्र स्क्रीनवर आलं.
- तुमच्या फोनचा नातेवाईक: १९९० च्या दशकात नासाच्या प्रयोगशाळेत एरिक फॉसम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्या प्रकारचा सीमॉस सेन्सर विकसित केला, तोच प्रकार आज तुमच्या सेल्फी कॅमेऱ्यात आहे आणि अनेक नव्या एंडोस्कोपमध्येही.

माझ्या घशात जाणारी नळी साधारण करंगळीएवढी जाड असते. तिच्यातच एक बारीक पोकळ वाट असते. त्यातून फुगा आत सोडतात, तो अरुंद जागी नेऊन फुगवतात आणि वाट रुंद करतात. एका वेळी थोडीच, कारण जास्त ताणलं तर भिंत फाटू शकते. १८९० साली हीच भीती होती आणि आजही ती आहे.

पाण्याचा एक ग्लास

जॅक्सन यांच्या आयुष्यातला एक प्रसंग मला विसरता येत नाही.

त्यांच्याकडे एका गरीब घरातली लहान मुलगी आणली होती. तिने 'लाय' गिळलं होतं. लाय म्हणजे तोच आपला कॉस्टिक सोडा. त्या काळी अमेरिकेत घरोघरी साबण बनवायला आणि मोऱ्या साफ करायला तो वापरायचे. मुलीची अन्ननलिका इतकी आकसली होती की कित्येक दिवस तिच्या घशाखाली पाण्याचा थेंब उतरला नव्हता. जॅक्सन यांनी नळी घातली, अरुंद जागेवर अडकून बसलेला गोळा चिमट्याने काढला आणि वाट मोकळी केली. नंतर नर्सने तिला पाण्याचा ग्लास दिला. तिने एक अगदी छोटा घोट घेतला आणि नेहमीसारखं परत येईल म्हणून थांबली. आलं नाही. दुसरा घोट घेतला. तोही गेला. मग तिने नर्सचा हात हळूच बाजूला केला आणि डॉक्टरांचा हात धरून त्याचा मुका घेतला.

ते थांबणं मला माहीत आहे. प्रत्येक खेपेनंतर आई मला वाटीतून पाणी देते आणि मी पहिला घोट घेऊन थांबते. आईही थांबते.

दोन हजार तीनशे चौऱ्याहत्तर वस्तू

१९१६ साली जॅक्सन पुन्हा फिलाडेल्फियाला आले, ज्या जेफरसन कॉलेजात शिकले तिथंच प्राध्यापक म्हणून. लोकांच्या घशातून, श्वासनलिकेतून काढलेली प्रत्येक वस्तू ते जपून ठेवत आणि तिची नोंद करत. नाणी, बटणं, हाडं, सेफ्टी पिना, खेळणी. १९२४ साली त्यांनी आपला संग्रह फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियमला दिला. तिथं आज २,३७४ वस्तू खणांमध्ये मांडून ठेवलेल्या आहेत. आजच्या भाषेत हा त्यांचा डेटासेट होता. मुलं काय गिळतात आणि ते कसं काढायचं, हे पुढच्या डॉक्टरांना त्यातून शिकता आलं.

पण लायने भाजलेली मुलं येतच राहिली. एकेका मुलाला महिनोन् महिने, काहींना वर्षानुवर्षं परत परत यावं लागे. जॅक्सन यांच्या लक्षात आलं की कितीही चांगली दुर्बीण बनवली, तरी दुखणं डब्यावरून सुरू होतंय. लायच्या डब्यावर हे विष आहे असं लिहिलेलंच नसायचं. डबा स्वयंपाकघरात साखर-मिठाच्या शेजारी बसायचा.

म्हणून त्यांनी कायद्यासाठी खटपट सुरू केली. राज्याराज्यांत आणि वॉशिंग्टनमध्ये वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. डॉक्टरांच्या संघटनेचाही पाठिंबा मिळवला. शेवटी ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांनी फेडरल कॉस्टिक पॉयझन ॲक्टवर सही केली. अशा रसायनांच्या डब्यावर विष हा शब्द आणि पोटात गेल्यास काय करायचं याच्या सूचना छापणं सक्तीचं झालं.

१९३५ साली ते विमेन्स मेडिकल कॉलेजचे अध्यक्ष झाले. हो, आनंदीबाईंचंच कॉलेज. १६ ऑगस्ट १९५८ रोजी त्यांचं निधन झालं.

माझी चूक आणि गुरुवारची तयारी

आता माझी चूक. गेल्या खेपेला आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायला सांगितलं होतं. रात्री भूक लागली म्हणून मी दोन घास खिचडी खाल्ली आणि सकाळी विचारल्यावर काही खाल्लं नाही म्हणाले. दुर्बीण आत गेली तर खिचडी तिथेच, अरुंद जागेच्या वर बसलेली. डॉक्टरांनी काम थांबवलं. ते रागावले नाहीत, पण नंतर समजावून सांगितलं. आपल्यासारख्यांच्या अन्ननलिकेत अन्न इतरांपेक्षा जास्त वेळ पडून राहतं. गुंगीच्या औषधात खोकला नीट येत नाही. तेच अन्न उलटून फुप्फुसात गेलं तर जीवावर बेततं. तीन-चार तासांचा रेल्वेप्रवास, भावाची सुट्टी, आईचा उपास, सगळं फुकट. दोन घासांसाठी.

म्हणून या वेळी मी जॅक्सन यांच्यासारखी आधी टेबलावर तयारी केली. तुम्हाला किंवा घरात कुणाला गिळण्याचा त्रास असेल आणि दुर्बीण ठरली असेल, तर हे उपयोगी पडेल. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

- उपाशी किती वेळ, हे स्वतःसाठी विचारा. इतरांना सांगितलेले तास आपल्याला पुरतीलच असं नाही. मला या वेळी पूर्ण दोन दिवस फक्त पातळ घ्यायला सांगितलंय. पेज, वरणाचं पाणी, ताक. त्यानंतर किती वाजल्यापासून पाणीही बंद, ते लिहून घेतलंय.
- फोनमध्ये दोन अलार्म लावा. एक 'शेवटचं पातळ अन्न', दुसरा 'पाणी बंद'. अलार्मला नाव द्या, नाहीतर झोपेत बंद करून मोकळे व्हाल.
- गोळ्यांचा फोटो काढून न्या. रक्त पातळ करणारी, शुगरची, प्रेशरची गोळी चालू असेल तर ती घ्यायची की थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील. गोळी गिळता येत नाही म्हणून स्वतःच कुटून घेऊ नका. काही गोळ्या कुटल्या की त्यांचा परिणाम बदलतो. पातळ औषध मिळतं का विचारा.
- जुने रिपोर्ट एका फोल्डरमध्ये ठेवा. गेल्या वेळी वाट किती मिलीमीटरपर्यंत रुंद केली होती, हा आकडा पुढच्या डॉक्टरांना फार उपयोगी असतो.
- हलणारा दात, कवळी, ॲलर्जी, दमा असेल तर आधीच सांगा.
- सोबत कुणीतरी हवंच. गुंगी दिल्यावर त्या दिवशी गाडी चालवायची नाही. माझा भाऊ येतोय.
- काही खाल्लं असेल तर खरं सांगा. तारीख पुढे जाईल, एवढंच.
- घरी आल्यावर छातीत किंवा मानेत जोराचं दुखणं, ताप, धाप किंवा रक्ताची उलटी झाली तर सकाळची वाट बघू नका, लगेच दवाखान्यात जा.

आणि एक काम आजच करा

फोन बाजूला ठेवा आणि घरातल्या मोरीपाशी, संडासापाशी, जिन्याखाली बघा. ॲसिड, कॉस्टिक सोडा, फिनेल यांतलं काही पाण्याच्या किंवा कोल्ड्रिंकच्या बाटलीत आहे का? असेल तर तिथून काढा. मूळ डब्यात, वर, कुलपात ठेवा.

आणि कुणी चुकून प्यायलंच, तर उलटी करवू नका. मिठाचं पाणी, लिंबू, काही देऊ नका. उलटीत तेच रसायन दुसऱ्यांदा अन्ननलिका जाळतं. तोंड पाण्याने पुसून घ्या, १०८ ला फोन करा आणि बाटली सोबत न्या, निदान तिचा फोटो तरी.

आमच्या घरी आता मोरीपाशी एकही बिननावाची बाटली नाही. आईने प्रत्येकीवर कागद चिकटवलाय. तिला फार लिहिता येत नाही, म्हणून तिने त्यावर लाल पेनाने फुली मारली आहे. जॅक्सन यांच्या डब्यावरच्या सूचनेचं हे आमच्या घरातलं रूप.

मंगळवारपासून माझं पातळ सुरू होतंय. दोन्ही अलार्म लावून ठेवलेत. गुरुवारनंतर सगळं नीट झालं तर पुढचा लेख पुन्हा फोनच्या कॅमेऱ्यावर लिहीन.